विमान धुण्याचे दिवस

आश्विन लागला, धान निसवायला आलं, की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सून चहा ठेवते आणि लगेच आत जाते. मुलगा हसून म्हणतो, बाबांचा महिना आला. लोकांना या दिवसांत धानाच्या लोंबीचा वास येतो, सकाळचं दव दिसतं, बांधीत डुलणारं पीक बघून समाधान वाटतं. मला औषधाचा वास येतो. हवेत असो नसो, मला येतो.

यंदा तर तो खरोखरच आला. शेजारच्या बांधीत तुडतुडा लागला म्हणून ड्रोन मागवलं होतं. जे काही उडतं ते बघायला गेल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून मीही शेताच्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. चालवणारा मुलगा चुणचुणीत होता. यंत्र खाली उतरवल्यावर त्याने मऊ फडक्याने त्याचे पंखे पुसले, एकेक स्क्रू हात लावून पाहिला, तारा तपासल्या. मला बरं वाटलं. कुणीतरी याला नीट शिकवलंय, असं मनात म्हटलं. तेवढ्यात त्याने औषधाची टाकी सोडवली आणि निंदणाला आलेल्या एका बाईच्या हातात देऊन म्हणाला, मावशी, एवढी खंगाळून आणा. ती लुगडं खोचून बोडीत, शेताजवळच्या लहानशा तळ्यात, उतरली आणि टाकीत उघडा हात घालून आतून चोळू लागली.

मग मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. मुलगा गडबडला. म्हणाला, काका, मान्यता असलेलं औषध आहे, काही होत नाही. तुझे हातमोजे कुठे आहेत विचारलं, तर खिशातून काढून दाखवले. नवे कोरे, घडी न मोडलेले. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं विचारलं, तर मोटर, बॅटरी, सॉफ्टवेअर असं सगळं सांगू लागला. ती बाई पाण्यात उभी राहून माझ्याकडे आश्चर्याने बघत होती. आपल्यासाठी कोणी भांडतंय हे तिच्या गावीही नव्हतं. शेवटी माझा मुलगा आला आणि माझ्या दंडाला धरून मला घरी घेऊन गेला. तेव्हापासून मी ओसरीवर बसून धुमसतोय.

मी विमानाचा टेक्निशियन होतो. आता हे सांगितलं की लोक माझ्या पायातल्या चपलांकडे बघतात. लाखनीजवळच्या खेड्यातला, धान पिकवणाऱ्या घरातला पोरगा विमानाच्या कामाला कसा लागला, असं त्यांना वाटतं. आमच्या पोरांची यंत्राशी ओळख म्हणजे हायवेवरचे ट्रक. टायर फुटलेला, एक्सल तुटलेला ट्रक दिवसभर रस्त्याच्या कडेला उभा असे आणि आम्ही शाळा बुडवून ड्रायव्हरच्या पायांत घोटाळत असू. त्या नादातच मी सत्तरच्या दशकात नागपूरला शिकायला गेलो.

आमचे शिक्षक पिल्लई सर मोठे कडक होते. काम सुरू करण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातला दोरा, सगळं काढून ठेवायला लावत. खिसे उलटे करून दाखवायचे. काम संपलं की प्रत्येक पाना त्याच्या जागी टांगलेला दिसला पाहिजे. एक जरी कमी असला तरी कोणी जेवायला हलायचं नाही, कारण राहिलेला पाना विमानाच्या पोटात असू शकतो. एकदा आम्ही उपाशीपोटी सगळी शेड पालथी घातली. शेवटी सरांनी तो स्वतःच्या पायमोज्यातून काढला आणि शांतपणे म्हणाले, आता जेवायला जा. त्यांच्या नावाने आम्ही बोटं मोडली. पण पुढे आयुष्यात माझा एकही पाना हरवला नाही, हेही खरं.

त्यांनी आम्हाला धातूची काळजी घ्यायला शिकवलं. रोज सकाळी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढायचं आणि उन्हात धरायचं. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसतं. नट सैल पडू नये म्हणून त्याला तारेने असं बांधायचं, की तो उलटा फिरू लागला तर तार आणखी घट्ट होते. विमानाच्या शेपटाखाली आरसा धरून सांधे बघायचे. तिथे पांढरी भुकटी दिसली की ओळखायचं, आतला धातू सडू लागला. विमानाचं आजारपण आम्ही बोटाने ओळखू शकत होतो. त्याला किती तास उडवल्यावर विश्रांती द्यायची, कुठला भाग कधी बदलायचा, हे सगळं ठरलेलं होतं. हे शिक्षण खोटं नव्हतं. मला आजही त्याचा अभिमान आहे. पण त्या अभिमानाच्या पोटात जो राग आहे, तो त्याहून जुना वाटावा इतका मुरला आहे.

शिकून झाल्यावर मी पिकांवर फवारणी करणाऱ्या एका कंपनीत लागलो. एका इंजिनाचं, एकाच माणसाचं छोटं विमान. पायलटच्या पुढ्यात औषधाची टाकी, पंखांखाली नळ्या. ऐंशी सालाच्या आगेमागे एका आश्विनात आमच्या भागात तुडतुड्याने कहर केला. धानाच्या बुंध्याशी बसून तो रस पितो आणि हिरव्या बांधीत गोल गोल करपलेले चट्टे पडतात. आज घोंगडीएवढा चट्टा, चार दिवसांत अख्खी बांधी वाळलेली. कंपनीचं विमान लाखनीच्या अलीकडे मुरमाड पडीत जमिनीवर येऊन उतरलं आणि त्याच्याबरोबर मी माझ्याच मुलखात आलो. गावाला माझं कोण कौतुक! माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, आमच्या गोपाळच्या सहीशिवाय ते विमान जागचं हलत नाही. ते खरंच होतं. रोज सकाळी मी तपासून सही केल्यावरच पायलट विमानात बसत असे.

ते औषध किड्यांना मारी तसंच विमानालाही खाई. पोटाखाली, शेपटाच्या सांध्यांत त्याचा थर बसे आणि धातू पोखरून काढी. म्हणून पक्का नियम होता. दुपारी वारा सुटून फवारणी थांबली की विमान संपूर्ण धुवायचं. झाकणं उघडून आतल्या तारा फडक्याने पुसायच्या, टाकी आतून घासायची, शेपटाची प्रत्येक खाच स्वच्छ करायची. न धुतलेल्या विमानाला दुसऱ्या दिवशी सही नाही. या धुण्यासाठी कंपनीने गावातल्या बायका लावल्या होत्या. धान लावायचा रोवणा संपला होता, कापणी अजून लांब होती, हाताला काम नव्हतं. त्यांच्यात सगळ्यांच्या पुढे असे भागरथाकाकी.

नात्याने ती माझी कोणी नव्हती, गावच्या रीतीने काकी. रोवण्याच्या ओळीत तिचा हात इतका भरभर चाले की बाजूच्या बायका कुरकुरत. बोडीला लागून तिची स्वतःची एक बांधी होती आणि बाकी वर्षभर लोकांच्या शेतात मजुरी. विमान पहिल्यांदा जवळून बघितलं तेव्हा तिने त्याच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाली, एवढंसं तं हाय, मले वाटलं बैलबंडीएवढं असंल. मी तिला दाखवलं, कुठे औषध साठतं, फडकं कसं फिरवायचं, कोणत्या तारेला धक्का लावायचा नाही. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. तिने धुतलेल्या शेपटाखाली आरसा धरला की मला काही सापडतच नसे.

थोड्याच दिवसांत बायकांचे हात सोलवटू लागले. डोळ्यांतून पाणी, डोक्यात ठणका, जेवण नकोसं. त्यांच्याजवळ हातमोजे नव्हते. कंपनी मोजे टेक्निशियनला द्यायची, मला एक जोडी मिळाली होती. ती मी काकीच्या हवाली केली. तिने उजवा एकीला दिला, डावा दुसरीला. स्वतः तशीच. विमान धुवायला खास साबण यायचा, डब्यात, पातळसा, आणि तो मॅनेजरच्या पेटीत कुलपात असे. काम संपल्यावर बायका त्याच बोडीत हात बुडवून, मातीने चोळून भाकर खायला बसत. बोडीत तेच धुतलेलं पाणी उतरत होतं. मी मॅनेजरकडे जाऊन म्हटलं, सर्वांना मोजे द्या, अंगाचा साबण द्या, प्यायच्या आणि हात धुवायच्या पाण्याची वेगळी सोय करा. काकी माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, इमानाचा साबन इमानाले ठेवा साहेब, आमाले न्हानीचा असला तरी चालते. मॅनेजर हसला. या बायका जन्मभर चिखलात हात घालतात, मला म्हणाला, यांना काय होणार आहे.

हे वाक्य मी आजवर कितीदा मनात उगाळलं असेल. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमच्या पायलटच्या रक्ताची नेमाने तपासणी होत असे. अंगात औषध वाढलं की त्याला उडायची बंदी, सक्तीची सुट्टी. त्याच्यासाठी रोज दूध येई. म्हणजे माणसाच्या अंगात हे विष कसं उतरतं हे कंपनीला पुरतं ठाऊक होतं. फक्त कुणाला माणूस धरायचं ते तिने ठरवून टाकलं होतं. आणि जोडीला ते उर्मट हसू. विमानाच्या तारेवर ओरखडा आला तर मला तो कळवावा लागत होता. बाईच्या हाताची साल निघाली तर ते कळवायला जागाच नव्हती.

एका दुपारी बायकांनी फडकी खाली ठेवली. कोणी आवाज चढवला नाही. चिंचेच्या सावलीत जाऊन बसल्या आणि काकीने सांगितलं, सामान येईल तेव्हा धुऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर मला म्हणाला, एक दिवस न धुता काही बिघडत नाही, सही कर. मी म्हटलं, नियम तुमचाच आहे. न धुतलेल्या विमानाला मी सही करणार नाही. त्या घटकेला मला फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. धातू वाचवायला केलेला नियम बायकांच्या कामी येत होता. आता याला मोजे आणावेच लागतील, मी मनात म्हटलं. नागपूर काही सातासमुद्रापार नव्हतं.

पण मॅनेजर नागपूरला गेला नाही. तो गावोगाव गेला. तुमचं धान जळतंय आणि तुमच्याच गावचा पोरगा विमान अडवून बसलाय, असं त्याने सांगितलं. दिवस मावळायच्या आत लोक जमले. शहापूर गावापासून सायकलींवर माणसं आली. त्यांच्या हातात करपलेल्या धानाची बुडखं होती. ती त्यांनी माझ्या पुढ्यात आणून टाकली. मोठे बाबा सगळ्यांत पुढे होते. कालपर्यंत माझी टिमकी वाजवणारा हा माणूस ओरडून म्हणाला, "आमचं वरिसभराचं पोट हाय ते. तुले धान दिसत नाई काय? बायाच्या हाताचं काय घेऊन बसला?" मी त्यांना समजावू लागलो की मोजे आले की उद्याच विमान उडेल, मोज्यांसाठी मॅनेजरला धरा. एकानेही मॅनेजरकडे तोंड वळवलं नाही. तो खुर्चीवर बसून चहा पीत होता. मला राग त्याचा आला त्याहून जास्त माझ्या माणसांचा आला. आजही येतो. त्यांचं धान जळत होतं हे मला दिसत होतं, माझ्या घरचंही जळत होतं. पण समोर ओरडायला आपलाच माणूस सापडला की आपल्या लोकांना दुसरं कोणी दिसत नाही.

काकी या गर्दीत नव्हती. ती बोडीकडच्या बांधीवर गेली होती. तिथून परत आली ती थेट विमानाकडे गेली. पदर खोचला, फडकं उचललं आणि शेपटाखाली बसली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या. मी धावत जाऊन तिचा हात धरला. म्हटलं, काकी, आजचा दिवस थांब, हा मॅनेजर नमेल. ती हात सोडवून घेत म्हणाली, "माही बांधी जळाले लागली, गोपाळ. सही कर तू. हात काय, पुढच्या सालीबी रायतेत."

तिने त्या दिवशी जसं विमान धुतलं तसं कधीच कोणी धुतलं नसेल. रागाने धुतलं की काळजीने, मला सांगता येणार नाही. सकाळी मी झाकणं उघडली, तारा पाहिल्या, आरसा धरला, बरणीत पेट्रोल काढून उन्हात पाहिलं. कुठे काही नव्हतं. सही न करायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, कारण मला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे विमानात दोष नव्हता. पिल्लई सरांनी सगळं शिकवलं होतं. विमान धुणाऱ्याला दोष आला तर विमान उभं करता येतं, एवढं मात्र कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. मी सही केली. विमान धानावरून इतकं खाली गेलं की लोंब्या हलल्या आणि लोक टाळ्या वाजवू लागले. मोठे बाबा माझ्याशी पुन्हा बोलू लागले. मी त्यांच्याशी बोलायला पुष्कळ दिवस घेतले.

धान वाचलं. बरंचसं वाचलं, ही गोष्ट मी लपवत नाही. काकीची बांधीही निम्मी वाचली. लोक मला हेच ऐकवतात. शेवट चांगला झाला ना, मग कायले तेच तेच उगाळतोस? त्यांना मी काय सांगू? दोन्ही होऊ शकलं असतं. धान आणि हात, दोन्ही. कशाच्या बदल्यात काय द्यायचं असा प्रश्नच नव्हता, मोज्यांच्या जोड्या आणि साबणाच्या वड्या आणायचा प्रश्न होता. तो प्रश्न इतका लहान होता, म्हणूनच माझा राग जात नाही. मोठ्या संकटापुढे माणूस हात टेकतो. इथे नुसता आळस होता, माज होता, आणि बायकांना काही होत नाही ही सगळ्यांना सोयीची वाटणारी समजूत होती.

कार्तिक सरता सरता कापणी सुरू झाली. मी काही दिवस सुट्टी काढून घरी होतो. कापणीला गावाचा आवाज बदलतो. सकाळपासून विळ्यांची सळसळ, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीभर पसरलेल्या, बायकांची गाणी, खळ्यात शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास. आमच्या बांधीत बायकांची ओळ लागली होती आणि भागरथाकाकी ओळीत सर्वांत मागे होती. मला आधी वाटलं, गमतीने रेंगाळतेय. जवळ गेलो तर तिच्या हातातून विळा गळून पडत होता. उचलायची, धानाची मूठ धरायची, पुन्हा विळा खाली. मूठ धरलीय की सुटलीय हे तिला बघून कळत होतं, हाताला कळत नव्हतं. शेवटी ती धुऱ्यावर जाऊन बसली. बोटं डोळ्यांसमोर धरून वळवून वळवून पाहत म्हणाली, "हायेत तं सारी. पन माही नाई वाटत."

डॉक्टरने अशक्तपणा म्हणून टॉनिकची बाटली दिली. पुढच्या साली तिला कापणीला कोणी बोलावलं नाही, त्याच्या पुढच्या रोवण्यालाही नाही. जिचा हात पुढे चाले म्हणून बायका कुरकुरत, तिला लुगड्याची गाठ सुनेकडून मारून घ्यावी लागे. मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं नाही. स्वतः जाऊन बोललो तर विचारलं, ती आपल्याकडे नोकरीला होती का? नव्हती. ती रोजाने होती, आणि रोज तर देऊन झाला होता.

त्या कापणीनंतरच्याच हिवाळ्यात आमचं विमान वार्षिक तपासणीला नागपूरला नेलं. तपासायला बाहेरगावचे एक साहेब आले होते, वयस्कर, अबोल, कामाला पक्के. त्यांनी शेपटाची सगळी झाकणं काढायला लावली. भिंग घेऊन ते आडवे झाले आणि बराच वेळ एकेका सांध्यावरून बोट फिरवत राहिले. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. फवारणीचं विमान हंगाम करून आल्यावर इतकं निरोगी मी पाहिलेलं नाही, म्हणाले, कुठे कणभर भुकटी नाही. हे ज्याने धुतलं त्याचं नाव मला रिपोर्टमध्ये घालायचं आहे. मी म्हणालो, भागरथाबाई. त्यांनी ते नीट लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, लायसन नंबर? मी म्हटलं, साहेब, ती आमच्या गावची मजूर आहे, आणि या विमानापायी आता तिला हातात विळा धरवत नाही, तेही लिहा. वाईट माणूस नव्हता तो. हळूच म्हणाले, हा रिपोर्ट विमानाचा आहे. मग त्यांनी तिच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि माझा नंबर विचारला.